जुन्या मालमोटारींतील दिवे : केबिनींत व मीटरवर एलईडी बसवितांना

सांगली व सातारा ह्या दोन जिल्ह्यांत शेतमालाची वाहतूक आतां बहुतेक सर्व मोटारीवर आली आहे. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचें गळीत सुरू झालें म्हणजे कृष्णा, वारणा व येरळा कांठच्या रस्त्यांवरून रात्रंदिवस ऊंस वाहूं लागतो. ती धांदल चालू आहे तोंच तासगांव व कवठेमहांकाळकडील द्राक्षें निघतात, मागून बेदाणा येतो, आणि सांगलीच्या पेठेंत हळदीची आवक वाढते. ह्या सर्व कामीं ज्या मालमोटारी राबतात त्यांपैकीं पुष्कळशा जुन्या आहेत. मोटार जुनी असली तरी इंजिन, टायर व पाटे यांजकडे मालकाचें लक्ष असतें, कारण त्यांवांचून ती चालतच नाहीं. केबिनींतील व मीटरवरील लहान दिव्यांकडे मात्र कोणी पाहत नाहीं. निम्मे दिवे गेलेले, उरलेले काजळलेले, आणि ड्रायव्हर मोबाइलच्या उजेडांत तेलाचा काटा पाहत आहे, असा प्रकार विरळा नाहीं.

अलीकडे ह्या जुन्या दिव्यांच्या जागीं एलईडी दिवे बसविण्याची प्रवृत्ति वाढली आहे, व ती एकंदरींत चांगली आहे. परंतु हें काम दिसावयास जितकें सोपें वाटतें तितकें सरसकट नाहीं. मीटरच्या फळीवर दोन जातींचे दिवे असतात : कांहीं केवळ उजेड देणारे, व कांहीं खबर देणारे. पहिले वाटेल त्यानें बदलावे. दुसरे मात्र समजून उमजूनच बदलले पाहिजेत. हा भेद न ओळखतां सर्व दिवे एका दमांत बदलल्यास मोटार दिसावयास झकपक होते, पण ऐन हंगामांत बॅटरी उतरून रस्त्यांत उभी राहते. ह्याकरितां ह्या विषयाची पद्धतशीर माहिती वाचकांपुढें ठेवीत आहों.

जुना दिवा व नवा दिवा

जुन्या दिव्यांत कांचेच्या आंत धातूची बारीक तार असते. प्रवाहानें ती तापून पांढरी होते व प्रकाश देते. ह्या प्रकारांत विजेचा फारच थोडा भाग उजेडाच्या कामीं येतो. बाकी सर्व उष्णतेंत जातो. म्हणूनच मीटरमागील प्लॅस्टिकचे होल्डर कालांतरानें पिवळे पडून ठिसूळ होतात. शिवाय तार तापलेली असतां खड्ड्याचा हादरा बसला कीं ती तुटते. आमच्याकडील रस्ते व ऊंसाच्या फडांतील वाटा पाहतां असे दिवे वारंवार जावेत यांत नवल नाहीं.

एलईडी दिव्यांत तार नसते. त्यांत एका विशिष्ट पदार्थाचा अगदीं बारीक तुकडा असतो, व त्यांतून प्रवाह गेला म्हणजे तो तापून लाल न होतां सरळ प्रकाश देतो. तांबड्या रंगाचा असा दिवा अमेरिकेंत १९६२ सालीं निक होलोन्याक यांनीं तयार केला. त्यानंतर निळ्या रंगाचा तेजस्वी दिवा मिळण्यास तीस वर्षें लागलीं. तो जपानांत १९९३ सालीं शुजी नाकामुरा यांनीं पुढें आणला. ह्या कार्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या दिव्यास एवढें महत्त्व कां, तर बाजारांत मिळणारा पांढरा एलईडी हा बहुधा मुळांत निळाच असतो. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप दिलेला असतो, व दोन्ही मिळून पांढरें दिसतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. रंगाच्या विचारांत तिचा पुढें उपयोग आहे.

एलईडीचे दोन गुण शेतकऱ्यास पंपाच्या उदाहरणानें चटकन समजतील. फूटव्हॉल्व्ह जसा पाण्यास एकाच दिशेनें जाऊं देतो, तसा एलईडी प्रवाहास एकाच दिशेनें जाऊं देतो. उलट बसविला तर तो पेटत नाहीं. आणि फूटव्हॉल्व्ह उचलण्यास जसा कांहीं किमान जोर लागतो, तसा एलईडी पेटण्यास कांहीं किमान दाब लागतो. पांढऱ्यास सुमारें तीन व्होल्ट. त्याखालीं तो मुळींच पेटत नाहीं, व त्यावर दाब थोडा वाढला तरी प्रवाह एकदम वाढतो. पुढें सांगितलेल्या बहुतेक सर्व अडचणी ह्या दोन गुणांतून निघतात.

लाभ कोठें, व किती

ह्या दिव्यांनीं डिझेल वाचतें असें कोणी सांगितल्यास त्यावर भरंवसा ठेवूं नये. मीटर व केबिनींतील जुने दिवे मिळून समजा २५ वॅट घेतात. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. तेव्हां हा सर्व खर्च अश्वशक्तीच्या तिसाव्या हिश्शाइतका झाला. शंभर अश्वशक्तीच्या इंजिनास तो जाणवणारही नाहीं.

खरा लाभ इंजिन बंद असतां होतो. ऊंसाची मोटार कारखान्याच्या गाडीतळावर वजनकाट्याची पाळी येईपर्यंत तासन् तास, कधीं सारी रात्र, उभी असते. ड्रायव्हर केबिनींत जेवतो, झोपतो, दिवा चालू राहतो. टपाचा १० वॅटचा एक दिवा व पार्किंगच्या बटणाबरोबर लागणारे मीटरचे ३ वॅटचे पांच दिवे धरले तर एकंदर २५ वॅट होतात. बारा व्होल्टच्या बॅटरींतून ते सुमारें दोन अँपियर प्रवाह ओढतात. दहा तासांत वीस अँपियर-तास गेले. म्हणजे १०० अँपियर-तासांच्या नव्या बॅटरीचा पांचवा हिस्सा. बॅटरी जुनी होऊन तिची शक्ति निम्मी उरली असेल तर हाच खर्च तिच्या दोन पंचमांश होतो. बाहेरील पार्किंगचे दिवे त्याहून निराळेच. मग पहाटे पाळी आली असतां सेल्फ उचलत नाहीं, व मागील गाड्यांचा खोळंबा करून धक्का मारण्याची वेळ येते. तेवढाच उजेड एलईडींनीं सुमारें ३ वॅटमध्यें मिळतो. प्रवाह पाव अँपियर. दहा तासांचा खर्च अडीच अँपियर-तास.

दुसरा लाभ टिकाऊपणाचा. तार नसल्यामुळें हादऱ्यानें तुटण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं; फक्त डाख कच्चा नसावा. जाहिरातींत ५०,००० तासांची भाषा असते. ती चांगल्या दिव्यास, थंड जागीं व योग्य दाबावर लागू समजावी. हलक्या मालास नव्हे.

उजेडाचे दिवे

काट्यांच्या मागील दिवे, टपाचा दिवा, कप्प्यांतील वा पायरीजवळील दिवा हे केवळ उजेडासाठीं आहेत. ते बदलण्यास हरकत नाहीं. फक्त तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट दाबाची. आपली मोटार १२ व्होल्टची कीं २४ व्होल्टची हें प्रथम निश्चित करावें. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ व्होल्ट असें समजूं नये. त्या एकापुढें एक जोडल्या असतील तर २४, व शेजारीं शेजारीं जोडल्या असतील तर १२ व्होल्टच राहतात. होल्डरवरच मीटर लावून दाब मोजणें हा खात्रीचा मार्ग होय. बारा व्होल्टचा एलईडी चोवीस व्होल्टवर लावल्यास तत्काळ जळतो.

बारा व्होल्टच्या मोटारींतही दाब सदैव बाराच नसतो. इंजिन चालूं असतां तो साडेतेरा ते साडेचौदांच्या दरम्यान असतो. स्वस्त दिव्यांत तीन एलईडी एकामागें एक जोडून त्यांस केवळ एक रोधक लावलेला असतो. तीन एलईडी मिळून नऊ व्होल्ट घेतात. बॅटरी १२ व्होल्टवर असतां रोधकावर ३ व्होल्ट उरतात; पण दाब १४.४ झाला कीं रोधकावर ५.४ व्होल्ट येतात, व प्रवाह त्याच प्रमाणांत, म्हणजे जवळ जवळ पावणेदोनपटीहून अधिक होतो. दाब पांचव्या हिश्शानें वाढला व प्रवाह इतका वाढला! असा दिवा थोड्याच दिवसांत मंद पडतो वा लुकलुकूं लागतो. म्हणून प्रवाह स्थिर राखणारी योजना ज्यांत आहे असाच दिवा घ्यावा. ज्या दिव्यावर ‘१० ते ३० व्होल्ट’ असें लिहिलेलें असतें त्यांत बहुधा ही योजना असते, व तो दोन्ही प्रकारच्या मोटारींस चालतो.

दुसरी गोष्ट आकाराची. मीटरमागें बिनटोपीचे कांचेचे दाबून बसणारे दिवे असतात, किंवा पितळी टोपीचे पिळून बसणारे. टपाच्या दिव्यांत कित्येक ठिकाणीं दोन्ही टोकांस टोप्या असलेला नळीसारखा दिवा असतो. जुना दिवा हातीं घेऊन दुकानांत जावें, व टोपी, लांबी व जाडी ताडून पाहावी. एलईडीचें बूड पुष्कळदां जाड असतें, व तें मीटरच्या भोंकांतून आंत जात नाहीं.

तिसरी गोष्ट प्रकाशाच्या दिशेची. जुना दिवा चोहोंकडे उजेड फेंकतो, आणि मीटरची रचना त्याच समजुतीनें केलेली असते. ज्या एलईडीचा प्रकाश केवळ समोर पडतो तो लावला तर मीटरच्या मध्यभागीं झगझगीत ठिपका व कडेस अंधार असें होतें. नेमका तेलाचा वा पाण्याच्या उष्णतेचा काटा त्या अंधारांत जातो. ज्या दिव्याच्या बाजूंवरही एलईडीचे ठिपके असतील तोच मीटरसाठीं घ्यावा.

खबरीचे दिवे

आतां मुख्य भागाकडे वळूं. ऑइलच्या दाबाचा, चार्जिंगचा, ब्रेकच्या हवेचा, इंडिकेटरचा व हेडलाइटच्या लांब झोताचा असे जे लहान रंगीत दिवे फळीवर असतात ते उजेडासाठीं नाहींत. ते मोटारीच्या प्रकृतीची खबर देणारे आहेत. उजेडाचा दिवा पेटला नाहीं तर लगेच कळतें. खबरीचा दिवा पेटला नाहीं तर ‘सर्व ठीक आहे’ असेंच वाटतें, आणि धोका येथेंच आहे. ऑइलच्या दिव्याच्या जागीं एलईडी उलट बसला तर तो कधींच पेटणार नाहीं. ऑइल संपलें तरी फळी गप्प राहील, व इंजिन जाम झाल्यावर मालकास कळेल. एका लहानशा दिव्याच्या उलटसुलट बसण्यापायीं संबंध इंजिन उतरविण्याचा खर्च अंगावर यावा, हें कोणास परवडेल?

यास्तव नियम असा कीं, किल्ली फिरविल्यावर व इंजिन सुरू करण्यापूर्वीं ऑइलचा व चार्जिंगचा असे दोन्ही दिवे पेटलेच पाहिजेत. इंजिन सुरू होतांच ते विझले पाहिजेत. जो आधीं पेटत नाहीं तो काढून, फिरवून पुन्हां बसवावा.

चार्जिंगचा दिवा

सर्व दिव्यांत हा दिवा विशेष होय. पुष्कळ जुन्या मोटारींत अल्टरनेटर वीज निर्माण करूं लागण्यापूर्वीं त्याच्या आंतील चुंबकास थोडा प्रवाह बाहेरून द्यावा लागतो. हा प्रवाह बॅटरींतून निघून चार्जिंगच्या दिव्याच्या तारेंतूनच अल्टरनेटरकडे जातो. सेंट्रिफ्यूगल पंप सुरू करण्यापूर्वीं त्यांत पाणी भरावें लागतें, नाहींतर तो कितीही फिरला तरी पाणी उचलत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. ३ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर पाव अँपियर प्रवाह जाऊं देतो. तेवढा पुरेसा होतो. त्या जागीं एलईडी बसविला तर जेमतेम कांहीं शतांश अँपियर जातो. पंपांत पाणी भरलेंच नाहीं! अल्टरनेटर फिरतो, पण चार्ज करीत नाहीं. किंवा रेस पुष्कळ वाढविल्यावर मग चार्ज करूं लागतो. हंगामांतील रात्रीच्या खेपेस हेडलाइट चालू असतात, बॅटरी हळूहळू रिकामी होते, आणि दोष बॅटरीच्या किंवा अल्टरनेटरच्या माथीं मारला जातो. नवी बॅटरी घेतली तरी ती पुन्हां उतरते, कारण मूळ कारण दिव्याच्या होल्डरांत दडलेलें असतें.

ह्यावर आमचा स्पष्ट सल्ला असा आहे कीं, चार्जिंगचा दिवा जुन्या तारेच्या जातीचाच व मूळ वॅटचाच ठेवावा. तो वर्षांतून कांहीं मिनिटेंच पेटतो. तेथें वीज वांचविण्यासारखें कांहीं नाहीं. कोणास तेथेंही एलईडी हवाच असेल तर दिव्याच्या दोन्ही टोकांस समांतर असा रोधक वायरमनकडून लावून घ्यावा. १२ व्होल्टच्या ३ वॅट दिव्याच्या बदलीं तो सुमारें ४७ ओहमचा, व तापणार नाहीं असा दहा वॅट क्षमतेचा असावा. चोवीस व्होल्टवर ३ वॅटचा दिवा असेल तर रोधक सुमारें १९० ओहमचा लागेल.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असतां भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर सुमारें १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन सुरू करून थोडी रेस दिल्यावर तोच आंकडा १३.८ ते १४.४ पर्यंत चढला पाहिजे. चोवीस व्होल्टच्या मोटारींत हे आंकडे दुप्पट धरावे. आंकडा चढला नाहीं तर मोटार बाहेर काढूं नये. प्रथम जुना दिवा परत बसवून पाहावें. फार जुन्या मोटारींत अल्टरनेटरऐवजीं डायनॅमो असतो, व तेथें हा प्रश्न येत नाहीं. पण आपल्या मोटारींत काय आहे हें तज्ज्ञाकडून निश्चित करून घ्यावें.

इंडिकेटरचा दिवा

जुना फ्लॅशर दिव्यांच्या प्रवाहावरच चालतो. बाहेरील इंडिकेटरचे दिवे एलईडीचे केले तर त्यास पुरेसा प्रवाह मिळत नाहीं, व इंडिकेटर अतिशय जलद लुकलुकतो किंवा मुळींच लुकलुकत नाहीं. केवळ फळीवरील दिवा बदलल्यानें सहसा असें होत नाहीं. परंतु येथें दुसरी एक अडचण आहे. कांहीं जुन्या मोटारींत डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठीं फळीवर एकच दिवा असतो. तो डाव्या व उजव्या तारांच्या मध्यें जोडलेला असल्यामुळें त्यांतून प्रवाह कधीं एका दिशेनें, तर कधीं उलट दिशेनें वाहतो. तेथें साधा एलईडी लावला तर एका बाजूचीच खबर मिळेल. अशा जागीं दोन्ही दिशांनीं पेटणारा एलईडी घ्यावा, अथवा जुना दिवा राहूं द्यावा.

रंग, तेज व ड्रायव्हरचे डोळे

पुष्कळांस वाटतें कीं, मीटर जितकें झगझगीत तितकें चांगलें. रात्रीं मोटार चालविणाऱ्यास हें मत घातक आहे. अंधारांत पाहण्याची डोळ्यांची शक्ति एकदम येत नाहीं. उजेडांतून अंधारांत गेल्यावर ती पूर्णपणें येण्यास अर्धा तास लागतो, आणि तीव्र उजेडानें ती क्षणांत नाहींशी होते. निळसर पांढरा प्रकाश ह्या शक्तीस सर्वांत अधिक मारक. तांबडा सर्वांत कमी. पांढऱ्या एलईडीच्या मुळाशीं निळा प्रकाश असतो, हें वर सांगितलेंच आहे.

आमच्या भागांत ह्या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. हंगामांत रस्त्यावर ऊंसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात, व त्यांतील कित्येकांस मागें दिवाही नसतो वा चमकणारी पट्टीही नसते. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. मीटरवरून नजर उचलल्यावर ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढें दोन सेकंद अंधारी राहिली तर तेवढ्यांत मोटार ३३ मीटर पुढें गेलेली असते. पुढील ट्रॉली त्याच्या आंत असेल तर ब्रेकवर पाय जाण्यापूर्वींच अनर्थ व्हावयाचा. शिवाय तेजस्वी फळीचें व टपाच्या दिव्याचें प्रतिबिंब समोरच्या कांचेंत पडतें, व रस्ता अधिकच अस्पष्ट होतो.

म्हणून मीटरसाठीं पिवळसर छटेचा व कमी तेजाचा एलईडी घ्यावा. आंकडे वाचतां आले म्हणजे पुरे. कित्येक जुन्या मोटारींत मीटरचा उजेड कमीजास्त करण्याची कळ असते. ती तारेच्या दिव्याच्या प्रवाहास अनुसरून केलेली असल्यामुळें एलईडी लावल्यावर नीट चालत नाहीं. बराच वेळ कांहीं फरक पडत नाहीं व मग दिवे एकदम विझतात. तेव्हां कळीच्या भरंवशावर न राहतां मुळांतच मंद दिवा निवडावा, किंवा एलईडीसाठीं केलेली इलेक्ट्रॉनिक कळ बसवून घ्यावी.

रंगीत कांचेमागें त्याच रंगाचा एलईडी लावावा. तांबड्या कांचेमागें पांढरा एलईडी लावला तर दिवा फिका व गुलाबी दिसतो, कारण त्याच्या प्रकाशांत तांबडा भाग थोडा असतो. धोक्याचा दिवा ठळक तांबडाच दिसला पाहिजे. लांब झोताचा दिवा निळा असतो. तो मात्र फार तेजस्वी नसावा, कारण तो रात्रीं तासन् तास डोळ्यांसमोर राहतो.

बसविण्याची रीत

काम दिवसा, मोटार सपाट जागीं उभी करून व इंजिन गार असतां करावें. आरंभीं बॅटरीचें ऋण टोक सोडावें. मग फळीचें व तिच्या मागील तारांचें मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावें. जुन्या मोटारींत कोणत्या तारेचा रंग कोणत्या कामाचा, हें मागील दुरुस्त्यांमुळें सांगतां येत नाहीं. मीटर ओढून काढूं नये. वेगाच्या काट्याची केबल मागें पिळून बसविलेली असते. ती आधीं सोडावी. होल्डर बहुधा पाव फेरा फिरविला म्हणजे बाहेर येतो.

होल्डरचे पत्रे गंजलेले वा हिरवट झालेले असतील तर बारीक पॉलिश पेपरनें घासून स्वच्छ करावे. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत ज्या मोटारी पाण्यांत राहिल्या, त्यांचे होल्डर व अर्थिंगचे जोड विशेष काळजीनें तपासावे. अर्थिंग कच्चें असेल तर प्रवाह भलत्याच मार्गानें परततो. तारेच्या दिव्यास तेवढा प्रवाह पेटवूं शकत नाहीं. पण एलईडीस फारच थोडा पुरतो, व तो विनाकारण मिणमिणत राहतो. हा दोष एलईडीचा नसून अर्थिंगचा होय. तो दाबून न टाकतां दुरुस्त करावा.

दिवे एकेक करून बदलावे. सर्व दिवे बसवून झाल्यावर, मीटर परत आवळण्यापूर्वीं, बॅटरी जोडून प्रत्येक दिवा तपासावा. उजेडाचे दिवे पार्किंगच्या बटणानें. ऑइलचा व चार्जिंगचा किल्लीनें. इंडिकेटर डावा व उजवा निरनिराळा. त्यानंतर इंजिन सुरू करून बॅटरीचा दाब वर सांगितल्याप्रमाणें मोजावा. शेवटीं मोटार अंधारांत उभी करून ड्रायव्हरच्या जागेवर दहा मिनिटें बसावें, व डोळ्यांस त्रास होतो काय हें पाहावें. काढलेले जुने दिवे टाकूं नयेत. चांगले असतील ते डबींत घालून केबिनींत ठेवावे. अडचणीच्या प्रसंगीं तेच उपयोगी पडतात.

केबिनींतील शोभेच्या पट्ट्या

केबिनींतील देवाच्या तसबिरीपुढें दिवा असावा, टपास रंगीत पट्टी असावी, अशी ड्रायव्हरची हौस असते. ती मोडावी असें आमचें म्हणणें नाहीं. पण ती आगीस कारण होऊं नये. अशी पट्टी मिळेल त्या तारेस सोलून जोडूं नये. तिला स्वतंत्र तार असावी व त्या तारेच्या उगमापाशींच दोन-तीन अँपियरचा स्वतंत्र फ्यूज असावा. पत्र्यांतून तार नेतांना भोंकांत रबरी कडें बसवावें, नाहींतर हादऱ्यानें वेष्टण कापून तार पत्र्यास टेकते. फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा फ्यूज वा तांब्याची तार घालणें म्हणजे आगीस आमंत्रण देणें होय. मूळ दिव्यांचा फ्यूजही मोठा करूं नये. एलईडीमुळें प्रवाह कमीच झालेला असतो.

कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मोटारींत करितां येत नाहीं. मीटरचा लहान दिवा बदलल्यानें तसा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. परंतु १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं पुढील बाजूस तांबडा प्रकाश दाखविण्यास मनाई केली आहे. केबिनींतील तांबडी पट्टी समोरच्या कांचेंतून बाहेर दिसली तर ती आक्षेपार्ह ठरूं शकते. आठ वर्षांवरील मालमोटारीस फिटनेसचा दाखला दरवर्षीं घ्यावा लागतो, हें ध्यानीं असावें. तसेंच, केबिनींत जमलें म्हणून हेडलाइटच्या जुन्या डब्यांत वाटेल तो एलईडी कोंबूं नये. त्या डब्याचा आरसा तारेच्या विशिष्ट जागेस अनुसरून केलेला असतो. दुसरा दिवा बसविल्यास झोत विसकटतो व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

सारांश

प्रथम मोटारीचा दाब मोजावा. उजेडाचे दिवे खुशाल बदलावे. ते पिवळसर, मंद व चोहोंकडे प्रकाश देणारे असावेत. खबरीचे दिवे त्याच रंगाचे घ्यावे, आणि किल्ली फिरवितांच पेटतात अशी खात्री केल्यावांचून मीटर बंद करूं नये. चार्जिंगचा दिवा जुनाच ठेवावा. फ्यूज वाढवूं नये. एवढें पाळल्यास अर्ध्या दिवसाच्या कामांत व थोडक्या खर्चांत जुनी मोटार रात्रीच्या खेपांस अधिक भरंवशाची होते.

हें काम गळीत सुरू होण्यापूर्वीं, पावसाळ्याच्या अखेरीस करून घ्यावें. हंगामांत एक दिवस मोटार उभी ठेवणें जिवावर येतें. आणि त्याच दिवशीं एक काम आणखी करावें : आपल्या मोटारीच्या व ट्रॉलीच्या मागील दिव्यांची तपासणी करून तांबडी चमकणारी पट्टी लावून घ्यावी. आपल्या मीटरच्या दिव्यांनीं आपल्याला दिसतें. मागील दिव्यांनीं आपण दुसऱ्यास दिसतों. रात्रीच्या रस्त्यावर दोहोंची गरज सारखीच आहे.